फुटणे : मडक्याचे आणि पालवीचे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच क्रियापदाभोवती फिरणारी निघाली. पत्रलेखक निरनिराळ्या गावांचे आणि व्यवसायांचे आहेत, आणि कोणाचा कोणाशी संबंध नाही. तरीही ‘फुटणे’ या शब्दाने त्यांना एकाच वेळी अडवले. म्हणून या वेळी इतर प्रश्न बाजूला ठेवून या पाचांचीच उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : मी नाशिक जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. सातवीच्या वर्गात वाक्प्रचार घेत असताना एका विद्यार्थ्याने विचारले, ‘बाई, मडके फुटले म्हणजे ते संपले, आणि पालवी फुटली म्हणजे झाड सुरू झाले. मग दोन्हींना एकच शब्द कसा?’ हे दोन वेगळे शब्द असून केवळ उच्चार सारखा आहे, असे मी त्याला सांगितले. पण त्याचे समाधान झाले नाही आणि खरे तर माझेही झाले नाही.

उत्तर : आपल्या विद्यार्थ्याचा प्रश्न फार मोलाचा आहे, आणि म्हणूनच आपण त्याला दिलेले उत्तर पुढच्या तासाला दुरुस्त करावे, अशी माझी विनंती आहे. उच्चाराने सारखे पण मुळात वेगळे असे शब्द मराठीत आहेत. माळरानातला ‘माळ’ आणि फुलांची ‘माळ’ ही जोडी त्यांपैकीच. ‘फुटणे’ची गोष्ट तशी नाही. मडक्याचे फुटणे आणि पालवीचे फुटणे हे दोन्ही ‘स्फुट्’ या एकाच संस्कृत मुळापासून, प्राकृतातील ‘फुट्टइ’ या रूपावरून आपल्याकडे आले आहे. मौज अशी की, पाणिनीय परंपरेतल्या धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मूळ रूपांच्या यादीत, ‘स्फुट’ एकाहून अधिक ठिकाणी येतो. एका ठिकाणी त्याचा अर्थ ‘विकसने’, म्हणजे उमलणे, असा दिला आहे, तर दुसऱ्या ठिकाणी ‘विशरणे’, म्हणजे तुकडे होऊन विखुरणे, असा दिला आहे. आपल्या सातवीतल्या मुलाला जे खटकले, ते वैयाकरणांनी इतक्या पूर्वी नोंदवून ठेवले होते, हे त्याला अवश्य सांगा.

मात्र मूळ एक आहे एवढे सांगून त्याची शंका फिटणार नाही, कारण त्याला अर्थांना जोडणारा दुवा हवा आहे. तो दुवा मला वाक्यरचनेत सापडतो. ‘मडके फुटले’ या वाक्यात जे फुटले ते बाहेरचे कवच आहे. ‘झाडाला पालवी फुटली’ या वाक्यात मात्र कवच ‘ला’ प्रत्यय घेऊन मागे उभे राहते आणि आतून जे बाहेर आले ते कर्ता होते. घटना दोन्हीकडे एकच आहे : काहीतरी आत कोंडलेले होते, त्यावरचे आवरण उकलले आणि आतले बाहेर आले. आवरणाकडून पाहिले तर ती मोडतोड दिसते, आतल्या वस्तूकडून पाहिले तर ती सुटका दिसते. मराठीने या दोन्ही बाजूंसाठी एकच क्रियापद ठेवले आणि कोण कर्ता होतो एवढ्यावरून अर्थ वेगळा केला.

हा दुवा हाती आला की वाक्प्रचारांची ती लांबलचक यादी आपोआप दोन ओळींत उभी राहते. घाम फुटतो, पान्हा फुटतो, दगडाला पाझर फुटतो, मुक्याला वाचा फुटते, रडू फुटते, हसू फुटते, पोराला मिसरूड फुटते, पाखराला पंख फुटतात आणि डोक्यावर चढून बसलेल्या माणसाला शिंगेही फुटतात. या सर्व ठिकाणी आतले बाहेर आले आहे आणि ज्याच्यातून आले तो जागच्या जागी शाबूत आहे. दुसऱ्या ओळीत डोके, अंडे, गळू, बांध, पाण्याची पिशवी. प्रसूतीच्या वेळी ‘पिशवी फुटली’ असे घरातली वडीलधारी बाई म्हणते, तेव्हा त्या दोन शब्दांत आवरणाचा शेवट आणि बाळाची सुरुवात एकत्र आलेली असते. आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला याहून नेमके उदाहरण मला सुचत नाही. सातवीच्या वर्गात ते कसे सांगायचे हे आपणच ठरवावे. त्याऐवजी अंडे फुटून पिल्लू बाहेर येते, हे उदाहरणही पुरेसे आहे.

शेतात तर हा शब्द जवळजवळ नेहमीच सुखाचा असतो. गव्हाला, भाताला, उसाला मुख्य कोंबाच्या बुडातून जे नवे कोंब येतात त्यांना ‘फुटवे’ म्हणतात, आणि फुटवे किती आले यावरून शेतकरी पीक जोखतो. विदर्भ-मराठवाड्यात ‘कापूस फुटला’ म्हणजे बोंड उकलून पांढरा कापूस दिसू लागला, वेचणीचे दिवस आले. तिथे बोंडाचे फुटणे हीच वर्षभराच्या कष्टाची कमाई आहे. ज्वारीच्या लाह्या फुटतात, हरभऱ्याचे फुटाणे होतात. ‘तांबडे फुटले’ असे म्हणताना तर रात्र हेच एक आवरण मानलेले आहे आणि उजेड त्याच्या आत होता असे गृहीत धरले आहे.

याच शब्दाची दुसरी बाजू पुणेकरांच्या स्मरणात आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण ‘फुटले’. भिंत पडते, पूल कोसळतो, घर ढासळते; धरण मात्र फुटते, कारण तिथे भिंतीपेक्षा तिने अडवून धरलेले पाणी अधिक महत्त्वाचे असते. हेच रिकामे धरण खचले असते तर ‘फुटले’ हा शब्द कोणाच्या तोंडी आला नसता. ‘ढगफुटी’ हा शब्दही याच कल्पनेवर घडला आहे. लहानशा क्षेत्रावर तासाभरात सुमारे १०० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस कोसळला तर हवामानशास्त्रात त्याला ढगफुटी म्हणतात. शास्त्राची व्याख्या आकड्यांत आहे, पण शब्द मात्र ढगाला पाण्याने भरलेला घडा समजणाऱ्या माणसाचा आहे.

एक अडचण आपल्यापासून लपवत नाही. थंडीत टाचा फुटतात, ओठ फुटतात, अंग फुटते. त्यातून आतले काही बाहेर येतेच असे नाही. येथे कातडीला आवरण मानून केवळ तिचे उकलणे पाहिलेले दिसते. तसेच ‘रस्त्याला फाटा फुटला’, ‘वाट फुटेल तिकडे पळाले’, ‘जनावर कळपातून फुटले’ या प्रयोगांत आत आणि बाहेर यांपेक्षा एकाचे अनेक होणे पुढे येते. जिवंत शब्द एकाच व्याख्येत पूर्ण मावत नाही. १८३१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि १८५७ साली दुसऱ्या आवृत्तीत वाढलेल्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही या क्रियापदाखाली अर्थांची रांग लागलेली आहे. वर्गात वाक्प्रचारांची यादी पाठ करून घेण्याऐवजी मुलांना ‘येथे कवच कोणते आणि आतले काय?’ एवढे विचारायला सांगितले, तर ती स्वतःच अर्थ लावतील, असा माझा विश्वास आहे.

प्रश्न : आम्ही बंगळुरूला राहतो. माझ्या पत्नीची मातृभाषा तमिळ आहे आणि ती मोठ्या आवडीने मराठी शिकते आहे. ‘दोरी फुटली’, ‘काच तुटली’, ‘हात तुटला’ असे ती बोलली की घरातली मंडळी हसतात आणि ती खट्टू होते. फुटणे, तुटणे, मोडणे आणि फाटणे यांत फरक कसा करायचा, हे मला मराठी असूनही सांगता आले नाही. काही नियम आहे का?

उत्तर : नियम आहे, पण तो आपल्याला कोणी शिकवलेला नसतो, म्हणून सांगता येत नाही. मराठी माणूस वस्तू कशी तुटली याआधी वस्तूचा आकार कसा आहे हे पाहतो. लांब आणि बारीक वस्तू, जी ओढली गेल्याने किंवा कापल्याने दोन ठिकाणी होते, ती तुटते : दोरी, तार, साखळी, केस, नख, पतंगाचा मांजा. पसरट आणि लवचीक वस्तू फाटते : कापड, कागद, पत्रावळ, शीड. पोकळ किंवा ठिसूळ वस्तू, जिच्या ठिकऱ्या होतात, ती फुटते : मडके, काच, अंडे, नारळ, कवडी, फुगा. आणि जी वस्तू ताठ असते, वाकवल्यावर कडकन आवाज करते किंवा जिची रचना बिघडते, ती मोडते : काठी, फांदी, खुर्ची, छत्री, हाड.

पत्नीला समजावताना शरीराचीच उदाहरणे द्यावीत, कारण तेथे शब्द चुकला तर ऐकणारा घाबरतो. ‘हात मोडला’ म्हणजे हाड मोडले, प्लॅस्टर घालून बरे होईल. ‘हात तुटला’ म्हणजे हात शरीरापासून वेगळा झाला. फोनवर दुसरे वाक्य ऐकून सासूबाईंच्या काळजात धस्स झाले, तर त्यांचा दोष नाही. डोके फुटते, कारण ते पोकळ भांड्यासारखे कल्पिले आहे. कानाची पाळी जड दागिन्याने ओघळली तर ती फाटते, आणि कानातून पू वाहू लागला तर ‘कान फुटला’ असे म्हणतात. कान एकच असला, तरी त्याला पडदा समजले की एक क्रियापद लागते आणि भांडे समजले की दुसरे.

लाकडाचे उदाहरण माझ्या विशेष आवडीचे आहे. झाड तोडतात, ऊस तोडतात, पण ओंडका फोडतात. कुऱ्हाडीचा घाव आडवा बसला की तोडणे होते, आणि तंतूंच्या दिशेने उभा बसून लाकूड उकलले की फोडणे होते. सरपण फोडणाऱ्याला हा भेद कोणी व्याकरणातून शिकवत नाही, पण तो कधी चुकत नाही.

‘काच तुटली’ हे वाक्य मात्र आता मुंबईतल्या मराठी घरांतही ऐकू येते. हिंदीत काच, बशी, हाड, दोरी या सगळ्यांना ‘टूटना’ चालते, आणि त्या सवयीने ही सरमिसळ झाली आहे. तमिळभाषक स्त्रीने हा शब्द चुकवला तर तिला हसू नये. ज्यांच्या घरात हा भेद जन्मापासून होता त्यांनी तो सोडू नये, एवढे मात्र मला मनापासून वाटते, कारण या चार क्रियापदांचा भेद गेला तर त्यांच्यावर उभे असलेले लाक्षणिक अर्थही बोथट होतात. नाते तुटते, लग्न मोडते, घर फुटते आणि आभाळ फाटते. नाते हा धागा आहे. लग्न ही जुळवून आणलेली रचना आहे, म्हणून ठरलेली सोयरीकही मोडते, बँकेतली ठेवही मोडते आणि दिलेला शब्दही मोडतो. घर हे भांडे आहे, त्यात माणसे एकत्र राहतात आणि ते फुटले की चुली वेगळ्या होतात. आभाळ हे वर ताणलेले कापड आहे. या चार वाक्यांत क्रियापदांची अदलाबदल करून पाहा. ‘लग्न फुटले’ किंवा ‘घर फाटले’ असे म्हणताना जीभच अडखळते. आपल्या पत्नीला ही चार वाक्ये आधी द्या. दोरी आणि काच मग आपोआप जागेवर येतील.

प्रश्न : मी सोलापूरची महाविद्यालयीन विद्यार्थिनी आहे. देवासमोर नारळ फोडला असे म्हटले की आजी रागावते आणि ‘वाढवला म्हण’ असे सांगते. हातातली बांगडी फुटली तरी ‘वाढली’ म्हणायचे. फुटलेली वस्तू वाढते कशी? ही अंधश्रद्धा समजून सोडून द्यावी का?

उत्तर : अशुभ वाटणारे क्रियापद टाळून त्याच्या उलट अर्थाचे क्रियापद वापरण्याची रीत मराठीत जुनी आहे. घरातून निघताना आपण ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. देवासमोरचा नारळ ‘वाढवतात’. स्वयंपाकघरात खोबऱ्यासाठी तोच नारळ बिनदिक्कत फोडतात. आणि निवडणुकीत ‘प्रचाराचा नारळ फुटला’ असे वृत्तपत्रे छापतात, तेव्हा कोणालाही अमंगळ वाटत नाही. म्हणजे आजींचा आक्षेप नारळाच्या फुटण्याला नसून मंगल प्रसंगी त्या शब्दाच्या उच्चाराला आहे.

बांगडीची आणि मंगळसूत्राची गोष्ट अधिक खोल आहे. पती वारल्यावर स्त्रीच्या बांगड्या फोडण्याची आणि मंगळसूत्र तोडण्याची प्रथा आपल्या समाजात होती, आणि अनेक ठिकाणी आजही आहे. त्यामुळे सुवासिनीच्या बाबतीत ‘बांगडी फुटली’ या साध्या वाक्याला दुसऱ्या, भयंकर वाक्याची सावली लागते. ती सावली दूर ठेवण्यासाठी बायकांनी ‘वाढली’ हा शब्द धरला, असे मला वाटते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढून घेणे या गोष्टी गावात होऊ देणार नाही, असा तो निर्णय होता, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्यास प्रोत्साहन देणारे परिपत्रक काढले.

तेव्हा आपण विचारता त्याचे माझे उत्तर असे : आजींसमोर ‘वाढवला’ म्हणण्यात काहीही कमीपणा नाही, तो शब्द सुंदर आहे आणि टिकावा. सोडायची गोष्ट शब्द नसून ती प्रथा आहे, जिच्या भीतीने हा शब्द जन्मला. हेरवाडची हकिकत आजींना वाचून दाखवा. त्या काय म्हणतात ते मला पत्राने कळवलेत तर आनंद होईल.

प्रश्न : मी कोल्हापुरात राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करतो. ‘पेपर फुटला’ हा शब्दप्रयोग योग्य आहे की ‘पेपर लीक झाला’ म्हणावे? तसेच बातम्यांत कधी ‘आमदार फुटले’ असते, कधी ‘आमदार फोडले’. दोन्हींचा अर्थ एकच का?

उत्तर : ‘पेपर फुटला’ हा उत्तम मराठी प्रयोग आहे, त्याच्या जागी ‘लीक’ आणण्याची गरज नाही. नळ गळतो, छप्पर गळते, आणि गळणे हे थेंबाथेंबाने होत राहते. प्रश्नपत्रिकेचे तसे नसते. मोहोरबंद पाकीट एकदा उघडले गेले की आतले सगळे एकदम बाहेर येते, आणि पुन्हा आत घालता येत नाही. ‘बिंग फुटले’, ‘बातमी फुटली’ हे याच घरातले प्रयोग आहेत.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक सविस्तर द्यावे लागेल, कारण मला तो या सगळ्या पत्रांतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. मराठीत काही क्रियापदे जोडीने येतात : तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे, फिटणे-फेडणे, फाटणे-फाडणे, फुटणे-फोडणे. पहिल्यात ‘ट’ आहे, दुसऱ्यात ‘ड’. याचे कारण प्राकृतात आहे. पहिल्या प्रकारच्या रूपांत ‘ट्ट’ असे जोडाक्षर होते, जसे ‘फुट्टइ’, आणि ते मराठीत ‘ट’ होऊन टिकले. दुसऱ्या प्रकारात दोन स्वरांमध्ये एकटा सापडलेला ‘ट’ मऊ होऊन ‘ड’ झाला, आणि ‘स्फोटयति’चे ‘फोडणे’ झाले. अर्थाच्या बाजूने पाहिले तर पहिले क्रियापद आपोआप घडलेली गोष्ट सांगते आणि दुसरे कोणीतरी घडवलेली.

हा भेद प्रत्येक घरात रोज चालतो. मूल येऊन म्हणते, ‘आई, पेला फुटला.’ आई विचारते, ‘फुटला, की तू फोडलास?’ मुलाने खोटे सांगितलेले नसते, पण स्वतःला वाक्यातून बाहेर काढलेले असते. एका ‘ट’ने ते साधते आणि एका ‘ड’ने आई त्याला परत वाक्यात आणते.

आता बातम्यांकडे या. ‘आमदार फुटले’ असे म्हणणाऱ्याच्या दृष्टीने ते स्वतःच्या इच्छेने गेले. ‘आमदार फोडले’ असे म्हणणारा बाहेरच्या कोणाकडे तरी बोट दाखवतो. २०२२ साली शिवसेनेत आणि २०२३ साली राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये फूट पडली, तेव्हा त्या त्या पक्षाच्या दोन्ही बाजूंचे लोक हीच दोन क्रियापदे एकमेकांवर टाकत होते. दूरचित्रवाणीवरच्या चर्चेत एखाद्याने ‘फुटले’ म्हटले की ‘फोडले’ म्हटले, एवढे ऐकून तो कोणाच्या बाजूने बोलतो आहे याचा अंदाज येत असे. म्हणून दोन्हींचा अर्थ एक नाही. घटना एक आहे, जबाबदारी वेगळ्याच्या माथी आहे. खापरही मराठीत ‘फोडायचेच’ असते, तेही दुसऱ्याच्या डोक्यावर.

‘फूट’ या नामाला तर काही काळ कायद्यातही स्थान होते. १९८५ साली ५२व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला दहावी अनुसूची जोडली गेली, तिलाच आपण पक्षांतरबंदी कायदा म्हणतो. तिच्या मूळ रूपात अशी तरतूद होती की, विधिमंडळ पक्षाचे किमान एक तृतीयांश सदस्य फूट पडून वेगळे झाले, तर त्यांची सदस्यता जाणार नाही. २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीने ही तरतूद काढून टाकली, आणि आता केवळ दोन तृतीयांश सदस्यांच्या संमतीने होणाऱ्या विलीनीकरणाला संरक्षण उरले आहे. आपण परीक्षेची तयारी करत आहात म्हणून हा तपशील मुद्दाम दिला. बोलण्यात आणि बातमीत ‘फूट’ पूर्वीइतकीच चालते. अपात्रतेपासून वाचवणारा बचाव म्हणून ती आता चालत नाही.

आणि यावरूनच ‘पेपर फुटला’कडे पुन्हा येतो. शब्द योग्य आहे हे मी वर सांगितले, पण त्यात एक धोका आहे, आणि तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांनी तो ओळखायला हवा. ‘फुटला’ म्हटले की ती पाऊस पडण्यासारखी कोणाच्याच हातची नसलेली घटना वाटते. महाराष्ट्रात परीक्षांतील गैरप्रकारांना आळा घालणारा कायदा १९८२ पासून आहे आणि केंद्राने २०२४ साली सार्वजनिक परीक्षांसाठी स्वतंत्र कायदा केला; हे कायदे कोणीतरी पेपर फोडतो, विकतो आणि विकत घेतो, हे धरूनच केलेले आहेत. तेव्हा पहिल्या दिवशी, कोणी केले हे माहीत नसताना, ‘पेपर फुटला’ ही बातमी बरोबर आहे. चौकशी होऊन नावे पुढे आल्यावरही वृत्तपत्राने तेच वाक्य छापत राहावे, हे मला पटत नाही. तेथे ‘पेपर फोडला’ असे लिहावे आणि वाक्याला कर्ता द्यावा. वर्षानुवर्षे अभ्यास करून एका सकाळी परीक्षा रद्द झाल्याचे ऐकणाऱ्या मुलामुलींचे एवढे देणे भाषेने तरी फेडावे.

प्रश्न : हाताला आलेला ‘फोड’ पुल्लिंगी आणि आंब्याची ‘फोड’ स्त्रीलिंगी, असे का? ‘फोडणी’ आणि ‘स्फोट’ हेही त्यांचेच नातेवाईक आहेत का? (चिपळूणहून एक गृहिणी)

उत्तर : चारही शब्द एकाच कुळातले आहेत. हातावरचा ‘फोड’ हा संस्कृत ‘स्फोट’चाच घासून गुळगुळीत झालेला वंशज असून ‘स्फोट’चे पुल्लिंग त्याने राखले आहे. आंब्याची ‘फोड’ हे ‘फोडणे’ या मराठी क्रियापदापासून झालेले क्रियेचे नाव आहे, आणि ‘तोड’, ‘ओढ’, ‘झेप’ यांसारखी अशी नावे मराठीत बहुधा स्त्रीलिंगी असतात. याच स्त्रीलिंगी शब्दाने समासाची फोड करतात आणि खर्चाच्या आकड्यांचीही. ‘फोडून सांगणे’ म्हणजे गाठ उकलून, स्पष्ट करून सांगणे. संस्कृतातही ‘स्फुट’चा एक अर्थ ‘स्पष्ट’ असा आहे, ज्या अर्थाने ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये लिहिलेल्या ज्योतिषग्रंथाच्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ या नावात तो येतो. जे उकलले ते दिसू लागले, आणि जे दिसू लागले ते स्पष्ट झाले, असा हा प्रवास आहे. तुकोबांचे ‘फोडिले भांडार धन्याचा हा माल । मी तंव हमाल भारवाही’ हे चरण आपल्या परिचयाचे असतील. तेथेही फोडणे म्हणजे मोडतोड नव्हे, सर्वांसाठी उघडून ठेवणे आहे.

राहिली ‘फोडणी’. तीही ‘फोडणे’वरूनच झाली आहे, आणि तिचा अर्थ आपल्याला कोशापेक्षा कढईत अधिक चांगला दिसत असेल. तेल पुरेसे तापलेले नसले तर मोहरी नुसती कच्ची राहते. ती टचटच फुटली की मगच तिचा स्वाद तेलात उतरतो, आणि जिरे, हिंग, हळद त्यानंतर घालायची असते.